संस्थेची वीज कशी वाचवायची? मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिनिंग, डाळमिल, दवाखाने, पतसंस्था, शाळा, वसतिगृहे, एमआयडीसीतले छोटे कारखाने अशा सगळ्या ठिकाणांहून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांचा प्रश्न बिलाच्या रकमेबद्दल असतो. आमचे उत्तर मात्र युनिटपासून सुरू होते, कारण रकमेवर आपला ताबा थोडा आणि युनिटवर बराच असतो. सोपे प्रश्न आधी आणि गुंतागुंतीचे नंतर घेतले आहेत. एखादा मुद्दा दुसरीकडे आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

1. लाईट बिल फार येतंय. सुरुवात नेमकी कुठून करायची?

मीटरपासून. एक वही घ्या, एका माणसाला जबाबदारी द्या आणि दिवसातून दोनदा वाचन लिहा: संध्याकाळी कुलूप लावताना आणि सकाळी कुलूप उघडताना. या दोन आकड्यांतला फरक म्हणजे इमारतीत कोणी नसताना जळालेली वीज. नवीन यंत्राचा एक रुपयाही खर्च करण्याआधी हा आकडा हातात हवा.

रात्रीचा आकडा मोठा असेल तर कारण शोधणे अवघड नाही. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि त्याच्याजवळ 3200 इम्पल्स प्रति युनिट असे काहीतरी छापलेले असते. म्हणजे तो दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट होते. घड्याळ लावून दहा वेळा लुकलुकायला किती सेकंद लागतात ते मोजा. 9 सेकंद लागले तर त्या क्षणी सव्वा किलोवॅट लोड चालू आहे. आता एकेक एमसीबी खाली करा आणि पुन्हा मोजा. कोणत्या मजल्यावर वीज जाते ते अर्ध्या तासात कळते. बहुतेक ठिकाणी तीच नावे निघतात: रात्रभर चालणारा वॉटर कूलर, बंद संगणकांचे चालू यूपीएस, मागच्या बाजूचा हॅलोजन, गळक्या टाकीमुळे पुन्हा पुन्हा सुरू होणारी मोटार. सीसीटीव्ही, सर्व्हर आणि औषधांचा फ्रिज बंद करायचे नसतात, म्हणून त्यांचे एमसीबी आधीच वेगळे ओळखून ठेवा. सीटीवर (करंट ट्रान्सफॉर्मरवर) चालणाऱ्या मीटरला हे गणित करताना प्रश्न 3 पाहा.

2. बिलावर इतके आकडे असतात. त्यातलं काय पाहायचं?

चार गोष्टी पाहा. वापरलेले युनिट, मंजूर किंवा करार मागणी, प्रत्यक्ष नोंदलेली कमाल मागणी आणि पॉवर फॅक्टर. शेवटच्या बारा बिलांमधून हे चार आकडे एका कागदावर उतरवले की संस्थेची अर्धी कुंडली समोर येते. मागणीचा अर्थ प्रश्न 6 मध्ये आणि पॉवर फॅक्टरचा प्रश्न 7 मध्ये आहे.

3. मीटरवर फरक 12 चा दिसतो आणि बिलात 240 युनिट लागतात. ही फसवणूक आहे का?

नाही. मोठ्या लोडला सगळा प्रवाह मीटरमधून जात नाही. सीटी त्याचा ठरावीक हिस्साच मीटरला दाखवते. त्यामुळे वाचनाला गुणक लावावा लागतो आणि तो बिलावर एमएफ म्हणून लिहिलेला असतो. तुमच्या बाबतीत तो 20 आहे. मात्र सीटी बदलली किंवा लोड वाढवून घेतला, की नवीन सीटीचे गुणोत्तर आणि बिलावरचा एमएफ जुळतात का ते त्याच महिन्यात तपासा. जुळत नसतील तर महावितरणच्या उपविभागात लेखी अर्ज द्या.

4. आमचं बिल तर कमी झालं, मग ऊर्जाबचत झालीच ना?

झालीच असे नाही. पॉवर फॅक्टर सुधारला, करार मागणी कमी केली, चुकीची वर्गवारी दुरुस्त झाली, तर बिल उतरते पण यंत्रे तेवढीच वीज खातात. ही कामे करावीतच, पैसा संस्थेचाच आहे. पण वहीत दोन रकाने ठेवा: एक रुपयांचा, एक युनिटचा. दर वाढले की रुपयांची बचत विरघळून जाते. कमी झालेले युनिट दर कितीही वाढले तरी कमीच राहतात.

वर्गवारीबद्दल इथेच सांगून टाकतो. शाळा, महाविद्यालये आणि दवाखान्यांसाठी महाराष्ट्रात ‘सार्वजनिक सेवा’ अशी वेगळी वर्गवारी आहे. कित्येक संस्थांना जुन्या जोडणीमुळे अजून व्यापारी दराने बिल येते. बिलावरचा टॅरिफ कोड आजच वाचा.

5. युनिट वाढले, पण कामही वाढलं. मग बचत मोजायची कशी?

एकूण युनिटला कामाने भागा. जिनिंगवाल्यांनी 170 किलोच्या एका गाठीमागे किती युनिट लागले ते पाहावे, डाळमिलने एका क्विंटलमागे, दवाखान्याने भरलेल्या खाटेच्या एका दिवसामागे, वसतिगृहाने एका विद्यार्थ्यामागे. आणि तुलना एप्रिलची एप्रिलशीच करा. आपल्याकडे मे महिन्यात पारा 42 च्या वर जातो. त्या महिन्याची बरोबरी जानेवारीशी करून कोणाला शाबासकी देणे किंवा कोणाला दोष देणे, दोन्ही चूक.

6. करार मागणी कमी करून घ्यावी का?

मागणी म्हणजे एका वेळी ओढलेला एकूण लोड. महावितरणशी ठरवून घेतलेली तिची मर्यादा ती करार मागणी. आधी वर्षभराची कमाल मागणी पाहा. उच्चदाब ग्राहकाला प्रत्यक्ष मागणी कमी असली तरी करार मागणीच्या ठरावीक टक्क्यांवर पैसे भरावेच लागतात, शिवाय मागच्या अकरा महिन्यांतल्या सर्वांत मोठ्या आकारणी मागणीच्या 75 टक्क्यांचाही हिशेब लागतो. त्यामुळे एका दिवशी सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या तर त्याचा भार पुढचे अकरा महिने वाहावा लागतो. उलट करार मागणी ओलांडली तर वरच्या भागाला दीडपट दराने मागणी आकार लागतो.

म्हणून आधी चढ कापा, मग करार कमी करा. सकाळी लाईट आल्यावर किंवा शिफ्ट सुरू होताना मोठी यंत्रे पंधरा-वीस मिनिटांच्या अंतराने सुरू करायची, एवढ्या एका शिस्तीने कमाल मागणी खाली येते. तीन-चार महिने नवा आकडा टिकला की अर्ज करा. हंगामी उद्योगांनी प्रश्न 17 आधी वाचावा.

7. पॉवर फॅक्टर म्हणजे काय, आणि कपॅसिटर किती लावायचे?

मोटारीला काम करण्यासाठी लागणारी वीज आणि चुंबकीय क्षेत्र टिकवण्यासाठी खेळती राहणारी वीज वेगळी असते. कामाची वीज (किलोवॅट) भागिले लाईनीतून ओढलेली एकूण वीज (केव्हीए) म्हणजे पॉवर फॅक्टर. 40 किलोवॅटच्या लोडला तो 0.8 असेल तर लाईनीतून 50 केव्हीए ओढावे लागतात. खेळती वीज जागेवरच पुरवणारे कपॅसिटर लावून तोच 0.98 केला तर 41 च्या आत भागते. महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांना 1 एप्रिल 2020 पासून केव्हीएएचवर (ओढलेल्या एकूण विजेवर) आकारणी होते, म्हणजे खराब पॉवर फॅक्टर थेट युनिटमध्येच दिसतो.

कपॅसिटर जास्त लावले म्हणजे जास्त फायदा, हा समज मात्र काढून टाका. रात्री मोटारी बंद आणि कपॅसिटर चालू राहिले तर पॉवर फॅक्टर उलट्या बाजूला जातो आणि त्याचेही केव्हीएएच मोजले जातात. लोड कमी-जास्त होत असेल तर आपोआप जोड-तोड करणारे एपीएफसी पॅनेल घ्या आणि त्यातला कपॅसिटर निकामी झाला आहे का ते दर महिन्याला क्लॅम्प मीटरने पाहा. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये कपॅसिटर लवकर जातात.

8. रात्री काम केलं तर वीज स्वस्त पडते ना?

वर्षानुवर्षे तसेच होते. आता चित्र बदलत आहे. केंद्राच्या 2023 च्या नियमदुरुस्तीनुसार 10 किलोवॅटच्या वर कमाल मागणी असलेल्या व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकांना वेळेनुसार दर लागू करायचे आहेत आणि सौरवीज उपलब्ध असलेल्या तासांत दर नेहमीपेक्षा किमान 20 टक्के कमी ठेवायचा आहे. नेमक्या वेळा आणि दर राज्य वीज नियामक आयोग ठरवतो व ते बदलतात. तेव्हा जुन्या सवयीने रात्रपाळी लावण्याआधी चालू बिलावरचे वेळेचे टप्पे पाहा. पाण्याची टाकी भरणे, बर्फ बनवणे, बॅटऱ्या चार्ज करणे ही कामे स्वस्त तासांत सरकवणे सर्वांत सोपे. यात युनिट वाचत नाहीत, फक्त पैसे वाचतात (प्रश्न 4).

9. अभ्यासिकेत आणि वसतिगृहात पंखेच पंखे आहेत. ते बदलणं परवडतं का?

लातूर, नांदेड, संभाजीनगरच्या अभ्यासिका दिवसाला चौदा-चौदा तास चालतात, म्हणून तिथे हमखास परवडते. साधा पंखा 70 ते 75 वॅट घेतो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटारीचा) पंखा 30 च्या आसपास. साठ पंख्यांची अभ्यासिका रोज चौदा तास चालली तर दिवसाला 37 युनिट वाचतात. वर्षातून मोजके दिवस उघडणाऱ्या सभागृहात मात्र हाच खर्च वसूल व्हायला फार वर्षे लागतील, तिथे जुने पंखे राहू द्या. दिव्यांचेही तसेच: जुनी 40 वॅटची नळी चोकसकट 50 च्या वर घेते आणि 18 ते 20 वॅटची एलईडी नळी तेवढाच उजेड देते. आधी रात्रभर जळणारे दिवे बदला.

10. एसी लावावा की कूलर?

मार्च ते मे आपली हवा कोरडी असते, त्या दिवसांत कूलर उत्तम काम करतो. मोठा कूलर 200 वॅटच्या आसपास घेतो, दीड टनाचा एसी दीड किलोवॅटच्या आसपास. पावसाळा सुरू झाला की हवेत ओल येते आणि कूलर नुसता चिकचिकाट करतो. तेव्हा पंखा पुरतो.

पण मराठवाड्यात या प्रश्नाला पाण्याचीही बाजू आहे. कूलर दिवसभर चालला तर दोन-चार घागरींवर भागत नाही. टँकरच्या दिवसांत वीस कूलर चालवणाऱ्या संस्थेने टँकरचे पैसे आणि पाणी उपसायची वीज दोन्ही हिशेबात धरावीत. आमचे मत असे: जिथे दारे-खिडक्या उघड्या राहतात आणि माणसे ये-जा करतात, जसे पतसंस्थेचा हॉल किंवा ओपीडीची प्रतीक्षा जागा, तिथे कूलर. जिथे खोली बंद ठेवता येते आणि यंत्रे किंवा रुग्ण आहेत, तिथे एसी.

एसी लावलाच तर 24 ते 26 वर ठेवा आणि सोबत पंखा चालवा. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या सांगण्यानुसार तापमान एक अंशाने वाढवले की सुमारे 6 टक्के वीज वाचते. स्टार असलेल्या खोलीच्या एसीला 24 अंशांची मूळ मांडणी 1 जानेवारी 2020 पासून सक्तीची झाली, ती रिमोटने 18 वर नेऊ नका. आणि एसीचा बाहेरचा डबा तापलेल्या पत्र्यावर किंवा दुसऱ्या एसीच्या गरम झोतासमोर ठेवू नका. आपल्याकडे या चुकीत बरीच वीज जाते आणि फार कमी लोक ती पाहतात.

11. वरच्या मजल्यावर एसी लावूनही गारवा येत नाही. काय करावं?

दोष एसीचा नाही, स्लॅबचा आहे. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत खाली उष्णता सोडतो. आपल्या जुन्या घरांची मातीची जाड माळवदे उन्हाळ्यात आत गारवा ठेवत, ते जाडीमुळे. आजच्या पाच इंची स्लॅबला ते जमत नाही. पावसाळा संपल्यावर किंवा फेब्रुवारीत स्लॅबवर चुन्याचा किंवा परावर्तक रंगाचा पांढरा थर द्या, पश्चिमेच्या खिडक्यांवर बाहेरून झापड किंवा हिरवी जाळी लावा. पडदा आतून लावला तर उष्णता काचेतून आत आलेलीच असते. हे केल्यावरच एसीचा टनेज ठरवा, बहुधा लहान एसी पुरतो.

12. पाण्याच्या मोटारीवर किती वीज जाते? ती कमी होते का?

जाते भरपूर. 150 मीटर खोलीवरून हजार लिटर पाणी वर आणायला साधारण बऱ्या पंपाला सव्वा युनिटच्या आसपास वीज लागते. पंप जुना असेल किंवा पाइप अरुंद असेल तर दीड-दोन. म्हणजे वसतिगृहातला गळका नळ हा विजेचाही नळ आहे.

टाकीला फ्लोट स्विच लावा. व्हॉल्व्ह अर्धा बंद करून पाणी कमी करत असाल तर तो पंप तुमच्या कामाला मोठा आहे. पाण्याची पातळी खाली गेली की अनेक जण जास्त एचपीची मोटार टाकतात, पण बोअरला पाणीच नसेल तर मोठी मोटार कोरडी चालते आणि जळते. एका मोटारीचे दोनदा वाइंडिंग झाले असेल तर तिसऱ्यांदा करू नका, प्रत्येक वेळी तिची कार्यक्षमता थोडी उतरते.

पाणी आणि विजेचे नाते आपल्याला वेगळे शिकवायला नको. 2015 मध्ये परळीचे औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले आणि 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले.

13. कारखान्यात सगळ्यात मोठी गळती कुठे असते?

वाळूज, चिकलठाण्याच्या लहान कारखान्यांत उत्तर बहुधा कॉम्प्रेसर हेच. 7 बार दाबाला 3 मिलीमीटरच्या एका छिद्रातून सुटणारी हवा भरायला सुमारे 3 किलोवॅट लागतात. चोवीस तासांत 70 युनिट. जेवणाच्या सुट्टीत सगळी यंत्रे बंद करून शेडमध्ये उभे राहा, सूं सूं असा आवाज जिथून येईल तिथे साबणाचे पाणी लावा. दाब गरजेपेक्षा जास्त ठेवला असेल तर तोही उतरवा, एका बारमागे 6 ते 7 टक्के वीज कमी होते. हवेने अंगावरची धूळ उडवणे बंद करा.

पंखे आणि पंपांना गरजेनुसार वेग कमी करणारे व्हीएफडी मोठा फायदा देतात, कारण वेग 80 टक्के केला की वीज जवळपास निम्म्यावर येते. जिथे लोड कायम पूर्ण असतो तिथे व्हीएफडीने काही मिळत नाही.

जालन्याच्या भट्ट्यांचा हिशेब वेगळा. इंडक्शन भट्टीत एक टन पोलाद वितळायला साधारण 550 ते 650 युनिट लागतात. भट्टीचे तोंड उघडे राहणे, भंगारात माती आणि गंज असणे, नमुन्याच्या निकालासाठी वितळलेला माल थांबवून ठेवणे, या तीन गोष्टींवर टनामागचे युनिट ठरतात. गरम बिलेट (ओतलेला पोलादाचा ठोकळा) थेट रोलिंगला गेले तर पुन्हा तापवायचे इंधन वाचते.

14. प्लगमध्ये लावायचा ‘पॉवर सेव्हर’ खरंच 30 टक्के वाचवतो का?

नाही. आत एक छोटा कपॅसिटर आणि दिवा असतो. तुमच्या मीटरवर किलोवॅटतास (साधे युनिट) मोजले जातात तर त्याने काहीच फरक पडत नाही. ज्यांना केव्हीएएच लागतो त्यांच्या मोटारींच्या मानाने तो फारच लहान असतो. प्रश्न 7 मधला मार्ग हाच खरा.

15. जनरेटरचा खर्च कसा धरावा?

एका लिटर डिझेलमधून चांगल्या संचाला 3 ते 3.5 युनिट मिळतात. डिझेलच्या भावाला याने भागा, महावितरणपेक्षा कितीतरी महाग पडते. संच मोठा आणि लोड कमी असेल तर त्याहूनही महाग. लाईट गेल्यावर चालू ठेवायच्याच यंत्रांची यादी करून तेवढ्याच सर्किटला जनरेटर जोडा.

16. ऊर्जा लेखापरीक्षण आम्हाला सक्तीचं आहे का?

ऊर्जा संवर्धन कायदा 2001 नुसार मोठ्या ‘नियुक्त ग्राहकां’ना ते सक्तीचे आहे. बहुतेक शाळा, दवाखाने, जिनिंग त्यात येत नाहीत. तरीही वर्षाचे बिल मोठे असेल तर एकदा करून घ्या. लेखापरीक्षक ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची परीक्षा उत्तीर्ण झालेला प्रमाणित असावा आणि त्याने स्वतःच्या उपकरणांनी मोजमाप करावे. नुसती बिले पाहून लिहिलेला अहवाल घेऊ नका. प्रत्येक सूचनेसमोर किती युनिट वाचतील, किती खर्च येईल आणि तो किती महिन्यांत फिटेल हे आकडे हवेत. राज्यात या कामाची नियुक्त संस्था महाऊर्जा आहे, तिच्या चालू योजनांची चौकशी करा.

आयएसओ 50001 हे ऊर्जा व्यवस्थापनाचे प्रमाणपत्र निर्यातदाराला उपयोगी पडते. छोट्या संस्थेने प्रमाणपत्रामागे न लागता त्यातली पद्धत उचलावी: आधाररेषा, लक्ष्य, जबाबदार माणूस, दर महिन्याचा आढावा.

17. आमचं जिनिंग चार-पाच महिनेच चालतं. वर्षभर मागणी आकार का भरायचा?

कापूस जिनिंग-प्रेसिंग, सरकी तेल, गूळ-खांडसरी यांसारख्या उद्योगांना ‘हंगामी’ वर्गवारी घेता येते. ती आपोआप लागत नाही, ठरलेल्या मुदतीत लेखी निवड करावी लागते. बिगरहंगामात मागणी मर्यादेबाहेर गेली की सवलत धोक्यात येते. उन्हाळ्यात दुरुस्तीसाठी सगळी यंत्रे एकदम चालवून पाहायची तर त्याआधी नियम वाचा. आणि हंगाम संपताच कायम जोडलेले कपॅसिटर काढून ठेवा (प्रश्न 7).

18. आधी सोलर बसवावा की आधी बचत करावी?

आधी बचत. 100 युनिटची गरज 75 वर आली की सोलरही तेवढाच लहान लागतो. आपल्याकडे एका किलोवॅटला दिवसाला सरासरी 4 युनिटच्या आसपास मिळतात, पण धूळ साचली की उत्पादन उतरते. पॅनेल पहाटे धुवा, तापलेल्या काचेवर गार पाणी टाकू नका. बोअरच्या जड पाण्याचे क्षार काचेवर पांढरा थर धरतात, म्हणून धुतल्यावर लगेच रबरी पट्टीने पुसून घ्या.

19. सोलर बसवल्यावर पॉवर फॅक्टर एकदम घसरला. सोलर खराब आहे का?

नाही. समजा लोड 100 किलोवॅट आणि पॉवर फॅक्टर 0.98 होता. म्हणजे खेळती वीज सुमारे 20 केव्हीएआर. आता सोलरने 80 किलोवॅट दिले. महावितरणकडून फक्त 20 किलोवॅट येतात, पण खेळती वीज तेवढीच, 20. पॉवर फॅक्टर 0.7 झाला. वापर वाढलेला नसतो, गुणोत्तर बिघडलेले असते.

उपाय दोन. एपीएफसी पॅनेलची सीटी कुठे बसवली आहे ते पाहा, ती महावितरणच्या मीटरच्या बाजूने एकूण प्रवाह मोजेल अशी हवी. सोलरच्या जोडणीपलीकडे, यंत्रांच्या बाजूला राहिली तर पॅनेलला घसरण दिसतच नाही. दुसरे, बहुतेक नव्या इन्व्हर्टरना खेळती वीज देण्याची सोय असते, ती बसवणाऱ्याकडून चालू करून घ्या. सोलरच्या करारातच पॉवर फॅक्टर राखण्याची अट घाला.

20. साखर कारखान्याची वीज स्वतःच्या बगॅसमधून होते. ती फुकटच ना?

विकता येणारी वस्तू फुकट नसते. उसाच्या वजनाच्या 28 ते 30 टक्के बगॅस, म्हणजे चोथा, निघते. जुन्या कारखान्यात उसाच्या 50 टक्क्यांच्या आसपास वाफ लागते, चांगल्या आधुनिक कारखान्यात 40 च्या खाली. वाचलेल्या वाफेइतकी बगॅस उरते आणि आत वाचलेले प्रत्येक युनिट बाहेर विकता येते. तेव्हा पंपांच्या मोटारी, वाफेच्या नळ्यांचे उघडे पडलेले आवरण आणि गळके ट्रॅप (वाफेतले पाणी काढणाऱ्या झडपा) यांची तपासणी गाळप सुरू होण्याआधीच करा, हंगामात त्याला हात लावायला कोणी मोकळे नसते.

21. दवाखान्यात कशाला हात लावू नये?

लस आणि रक्ताचे फ्रिज, अतिदक्षता विभाग, शस्त्रक्रियागृहात शस्त्रक्रिया चालू असतानाची हवा. लसीला 2 ते 8 अंश लागतात, तिथे काटकसर नको. मात्र शस्त्रक्रियागृह रात्रभर रिकामे असताना त्याची थंडी कमी करता येते, तेवढा निर्णय शस्त्रक्रियागृहाच्या प्रमुखांनी लेखी द्यावा.

22. जागा भाड्याची आहे, मीटर मालकाच्या नावावर. आम्ही काय करू शकतो?

तुमच्या भागाला उपमीटर बसवा आणि त्यावरून पैसे द्या. ठोक रकमेत वीज धरली असेल तर बचतीचा फायदा तुम्हाला मिळणार नाही, म्हणून करार नव्याने करताना भाडे आणि वीज वेगळे लिहा. पंखे, दिवे, स्टॅबिलायझर अशा उचलून नेता येणाऱ्या वस्तूंवर तुम्ही खर्च करा. स्लॅबचा पांढरा थर, वायरिंग आणि सोलर हे मालकाचे. मालक तयार नसेल तर थराचा खर्च भाड्यातून वळता करण्याचा प्रस्ताव द्या आणि तो सह्यांनिशी करारात घ्या.